इलमीज पुस्तक धरते

पोराचा धडा पाठ झाला की नाही, हे आमच्याकडे मास्तर ठरवत नाही. पुस्तक धरणारा ठरवतो. ऊन उतरलं की पोरं निरफणसाच्या झाडाखाली येरझाऱ्या घालतात, कानांत बोटं घालतात आणि गळा काढून घोकतात. मग घरातलं मोठं माणूस पायरीवर येऊन बसतं, पुस्तक उघडून मांडीवर घेतं आणि ओळीवरून बोट फिरवत राहतं. पोरानं हात पाठीमागे बांधून समोर उभं राहायचं आणि धडा म्हणून दाखवायचा. अडलं की टपली. पुन्हा अडलं की खडीवर गुडघे टेकून बसायचं. सगळं बरोबर आलं की पुस्तक धरणारा ‘बरं’ म्हणतो आणि पुस्तक मिटतो. ते ‘बरं’ ऐकल्याशिवाय पोराला हलता येत नाही, मग पोटात कावळे ओरडू देत नाहीतर आभाळ कोसळू दे.

चार घरं आणि मध्ये एक अंगण, असं आमचं राहणं. इथं इलमीजसारखं पुस्तक कुणी धरत नसे. चेहरा करारी, बोट सावकाश, आणि कान तर असा की पोरानं एक शब्द गिळला तरी तिला कळायचा. ‘मध्ये काहीतरी खाल्लंस. परत म्हण.’ शेजारपाजारच्या आया आपली पोरं तिच्या पायरीवर आणून सोडायच्या. पोरं तिला टरकून असायची आणि आया तिचं नाव काढायच्या.

आता गंमत ऐका. इलमीजला वाचता येत नाही. म्हणजे अडखळत वाचते असं नव्हे. तिला एकही अक्षर ओळखता येत नाही.

हे आमच्या अंगणात एकट्या मला ठाऊक होतं. तिच्या लेकीच्या बाप्तिस्म्यातली मी धर्ममाय, म्हणून ती मला मकोमे म्हणते आणि मी तिला. पण त्याच्याही आधीपासून आमचं सूत. लहानपणी आम्ही दोघी झऱ्यावरून पाणी आणायचो, तेव्हा बाकीच्या पोरी डोक्याला फिती बांधून शाळेला जायच्या. आमच्या डोक्यावर घागरी. मीही तिच्यासारखीच निरक्षर, पण मी पडले निर्लज्ज. माझी पोरं शाळेत होती तेव्हा रस्त्यानं जो जाईल त्याच्या हातात मी पुस्तक द्यायचे. पाद्रीबाबा असोत, पोलीस असो, खेचरं विकणारा असो. ‘बसा हो जरा, एवढं धरा.’ त्यात कसली आलीय लाज? इलमीजचं तसं नव्हतं. तिला लाज होती, आणि ती कुठून आली तेही मला माहीत आहे.

विदलीन, तिची लेक, पहिलीत गेली त्या वर्षाची गोष्ट. बाप सीमेपलीकडे दुसऱ्यांची घरं बांधायला गेला तो तिकडचाच झाला. घरात या दोघीच. पुस्तक कोण धरणार? इलमीज पोरीला घेऊन अल्ताग्रासकडे गेली. ही शिंप्याची बायको, सहावीपर्यंत शिकलेली, आणि ते ती जेवताना पण विसरायची नाही. ओट्यावर चार बायका बसल्या होत्या. अल्ताग्रास म्हणाली, “अगं इलमीज, लेकीला शाळेत घालायच्या आधी तू जायचं होतंस. आता काय, तुम्हा दोघींनाही मीच शिकवू?” बायका हसल्या. विदलीन तिथंच उभी, पुस्तक छातीशी धरून, वेण्यांना कडक इस्त्रीच्या पांढऱ्या फिती.

परत येताना पोरीनं विचारलं, “आई, तुला वाचता येत नाही?”

“येतं गं. डोळे दुखतायत माझे, म्हणून गेले होते.”

एवढंच खोटं. पण खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज जेवू घालावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून इलमीज स्वतः पायरीवर बसली आणि तिनं पुस्तक मांडीवर घेतलं.

कसं जमवलं विचारा. ‘आधी बघून वाच. तीनदा वाच. तीनदा वाचलं की डोक्यात बसतं,’ असं ती पोरीला सांगायची. बसायचं ते हिच्या डोक्यात. पानं ती चित्रांवरून ओळखायची. गाय आणि वासरू म्हणजे सस्तन प्राणी. कापलेलं संत्रं म्हणजे अपूर्णांक. होडी आणि नारळाचं झाड म्हणजे बेट. शेजाऱ्यांच्या पोरांनाही आधी तीनदा वाचायला लावायची. लोक म्हणायचे, बाई शिस्तीची आहे.

बाजारात आम्ही शेजारी शेजारी बसतो. ती पाते तळते, खाऱ्या माशाचं सारण भरलेले, आणि मी अवोकाडो विकते. कढईत पाते सोडताना तिचं तोंडानं सुरूच असायचं, ‘अपूर्णांकातील वरच्या अंकास अंश असे म्हणतात, खालच्या अंकास छेद असे म्हणतात.’ हे सगळं फ्रेंचमध्ये बरं का. शाळेची भाषा फ्रेंच. आम्ही घरात, बाजारात, भांडणात आणि देवासमोरसुद्धा क्रेओल बोलतो. त्या शब्दांतलं तिला अर्धंही कळत नव्हतं, पण एकही शब्द तिनं सांडला नाही.

एकदा मासेवाल्यानं तिला शिळे मासे दिले. इलमीज उठून त्याच्यापुढे गेली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “अपृष्ठवंशीय आहेस तू. ज्यांना पाठीचा कणा नसतो त्यांना अपृष्ठवंशीय असे म्हणतात.” तेही फ्रेंचमध्ये. मासेवाल्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं असणार हे कोर्टातलं काहीतरी आहे. मुकाट्यानं त्यानं मासे बदलून दिले.

“म्हणजे काय गं ते?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक? पण कामाला आलं ना?”

आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो.

यंदा विदलीन पाचवीला गेली आणि शाळेत नव्या बाई आल्या, मामझेल रेनेट. तरुण पोर, पायात पांढरे बूट, छडी नाही. पहिल्याच दिवशी तिनं मुलांना सांगितलं म्हणे, पोपट झाडावर बसतात, बाकावर नाही. धड्यातला प्रत्येक शब्द आधी आपल्या भाषेत, आपल्या घरातली वस्तू घेऊन सांगायचा. मग फ्रेंच. विदलीन घरी आली ती थेट माझ्या टोपलीजवळ.

“मारेन,” धर्ममायला आमच्याकडे असंच म्हणतात, “एक अवोकाडो दे.”

“आयतीच आलीस. कशाला?”

तिनं सुरी घेतली, अवोकाडोचे सारखे चार तुकडे केले आणि एक तोंडात टाकला. “हे बघ. किती तुकडे केले, तो छेद. त्यातले किती मी खाल्ले, तो अंश.”

“एवढंच होय?” मी म्हणाले. एवढी वर्षं कढईशेजारी बसून ऐकलेलं माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं. मला इतका आनंद झाला की दुसरा तुकडा मीच खाल्ला. “म्हणजे आता अंश दोन झाला?”

“हो मारेन,” पोरगी हसली.

पायरीवर इलमीज बसली होती. तिनं हे सगळं ऐकलं. ती म्हणाली, “असं पुस्तकात नाही.”

मी तिला दोष देत नाही. तिच्याजवळ होतं ते पाठ केलेल्या ओळींचं गाठोडं. पोरगी त्याच ओळी म्हणेल तोवर ही तिची आई, तिची मास्तरीण, सगळं काही. पोरगी आपल्या मनानं बोलायला लागली तर ती बरोबर बोलतेय की चूक, हे इलमीजनं कशावरून ओळखायचं? बाकी कुणी हसलं असतं तर तिनं सोसलं असतं. अल्ताग्रास हसली तर तिला शिव्या घालता येतात. पण लेकीला कळता कामा नये, एवढं एकच तिनं जिवापाड जपलं होतं. लेक वरच्या वर्गात चढत गेली तशी ती भीतीही चढत गेली.

मग तो बेटाचा दिवस आला. संध्याकाळची वेळ, अंगणात सगळे होते. कुणी चुलीला वारा घालतंय, कुणी पोरीच्या वेण्या घालतंय. इलमीजच्या मांडीवर पुस्तक, पान होडीचं आणि नारळाचं. विदलीन हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, “आपल्या घरातून निघून कुठल्याही वाटेनं चालत राहिलं तरी शेवटी समुद्रच लागतो. अशा जागेला बेट म्हणतात. म्हणजे आपणच.”

इलमीजनं मान वर केली. “काय म्हणालीस?”

“बेट, आई.”

“नीट म्हण.”

“नीटच म्हटलं. बाईंनी सांगितलंय, आधी आपल्या शब्दांत…”

“बाईंनी काय सांगितलंय ते शाळेत. इथं पुस्तक काय सांगतं ते बोल.”

“पण पुस्तकातही तेच आहे ना. सगळ्या बाजूंना पाणी म्हणजे…”

इलमीजनं पुस्तकावर बोट ठेवलं. ओळीवरून सावकाश फिरवलं, अगदी वाचणाऱ्या माणसासारखं, आणि म्हणाली, “मी बघतेय ना पानावर. इथं असं काही लिहिलेलं नाही. मला शिकवतेस? बस खडीवर.”

अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. विदलीननं आईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता ही पोरगी उलट बोलणार, कारण तशी ती तोंडाळ आहे, माझ्यावरच गेलीय. पण नाही. तिनं शाळेचा झगा वर धरला आणि खडीवर गुडघे टेकले.

“मकोमे, सोड तिला,” मी म्हणाले. “लेकरू काही वाईट बोललं नाही.”

“तू तुझे अवोकाडो विक,” इलमीज म्हणाली.

आणि मी गप्प बसले. अंधार पडायला लागला तेव्हा पोरीनं गुडघ्यांवर बसूनच पुस्तकातली ओळ म्हटली, जशीच्या तशी, ‘ज्या भूभागाच्या सर्व बाजूंना पाणी असते त्यास बेट असे म्हणतात.’ इलमीज ‘बरं’ म्हणाली. पोरगी उठली तेव्हा गुडघ्यांत खडे रुतले होते. मी तेल लावून दिलं.

कार्निव्हल होऊन गेल्यावर शाळेनं पालकांची सभा बोलावली. इलमीजनं निळा झगा कोळशाच्या इस्त्रीनं असा कडक केला की बसताना वाजत होता. मी माझी चर्चची टोपी घातली. हेडमास्तर दोर्विल टाय लावून उभे राहिले आणि फ्रेंचमध्ये बोलायला लागले. बोलतायत, बोलतायत. आमच्या बाकावर ‘पुस्तक’ आणि ‘नवीन’ एवढे दोन शब्द पोचले. पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या की मागच्या रांगेनं वाजवायच्या, ही आमच्या सभेची रीत. त्याप्रमाणे आम्ही वाजवल्या.

मग नवी पुस्तकं वाटली, दोघांत एक. वरचं चित्र तेच, आतली चित्रं तीच, फक्त शाईचा वास ताजा. इलमीजनं दोनचार पानं उलटून बघितली, गाय बघितली, संत्रं बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. मला कुजबुजून म्हणाली, “तेच आहे गं. उगाच घाबरले.”

हेडमास्तर आता आमच्या भाषेत आले. “विदलीनची आई कुठंय? या हो, पुढे या. सगळं गाव सांगतं, पुस्तक धरावं तर तुम्ही. आज इथं धरून दाखवा. एक धडा तुम्ही वाचा, मग लेक म्हणून दाखवेल. बाकीच्यांनी बघून शिकावं.”

इलमीजनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती ती मला दिसली. पण सगळे वळून बघत होते, आणि मी मान हलवली. जा म्हटलं. माझ्या मकोमेचा एवढा मान, मला काय कमी मिरवायचं होतं?

ती पुढे गेली. विदलीनला मुलांच्या बाकावरून बोलावलं, ती शेजारी येऊन उभी राहिली. इलमीजनं पानं उलटली आणि होडी नि नारळ सापडल्यावर थांबली. बोट ठेवलं आणि सुरू झाली.

“ज्या भूभागाच्या सर्व बाजूंना पाणी असते त्यास बेट असे म्हणतात. ज्या भूभागाच्या तीन बाजूंना पाणी असते त्यास द्वीपकल्प असे म्हणतात. दोन मोठ्या भूभागांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीस संयोगभूमी असे म्हणतात.”

काय तो आवाज, काय ते फ्रेंच. माझी छाती भरून आली. पुस्तक टेबलावर आडवं होतं, मान उंच केली की मला मागूनही पान दिसत होतं. मोठी मोठी अक्षरं, मोजक्या ओळी, खालचं अर्धं पान कोरं. इलमीजचं बोट शेवटच्या ओळीला पोचलं तेव्हा ती द्वीपकल्पावर होती. मग बोट परत वरच्या ओळीवर गेलं आणि दुसऱ्यांदा खाली यायला लागलं.

समोर पुस्तकं उघडल्याचा आवाज झाला. लोक मान खाली घालून आपापल्या पानावर बघायला लागले, मग वर इलमीजकडे, मग परत पानावर. अल्ताग्रासनं तोंडावर हात धरला. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसतेय. मला वाटलं माझ्या टोपीला हसतायत, कारण टोपीवरचं एक फूल सुटून लोंबत होतं. मी ते टोचून नीट केलं. हेडमास्तर खोकले आणि चष्मा पुसायला लागले. मामझेल रेनेट तेवढी हसली नाही. ती विदलीनकडे बघत होती.

“आता तू,” इलमीज लेकीला म्हणाली.

विदलीननं पानाकडे एकदा बघितलं. मग हात मागे बांधले, वर पत्र्याकडे नजर लावली आणि म्हटलं. बेट, द्वीपकल्प, संयोगभूमी, आई जे बोलली ते शब्दन् शब्द. तिचे कान लाल झाले होते.

रेनेटबाई हळूच म्हणाल्या, “विदलीन, तू वर्गात असं म्हणत नाहीस. पुस्तकात आहे तसं सांग ना.”

“पुस्तकात हेच आहे, बाई.”

“नीट बघ बरं पानावर.”

“बघितलं. आईनं वाचलं तेच आहे.”

पाठीमागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. रेनेटबाई दोन पावलं मागे सरकल्या. इलमीज लेकीला ‘बरं’ म्हणाली आणि तिनं पुस्तक मिटलं.

फाटकात अल्ताग्रास उभीच होती. “इलमीज, किती छान वाचलंस गं. पुस्तकात नाही तेसुद्धा वाचून दाखवलंस.”

“ज्याच्या पोटात दुखतं त्यानं ओवा खावा,” इलमीजनं सुनावलं आणि नाक वर करून पुढे निघाली. मीही माझं नाक वर केलं. दोघी आंधळ्या, आणि रस्त्यानं मिरवत निघालोय. “बघितलंस मकोमे,” ती सारखी म्हणत होती, “सगळी सभा गप्प झाली होती. त्या दिवशी ओट्यावर हसल्या होत्या ना, आज ऐकलं त्यांनी.” विदलीन आमच्या मागून येत होती. बूट काढून हातात घेतले होते, आणि हाक मारली तरी पुढे येत नव्हती.

घरी आलो तेव्हा ऊन बाकी होतं. मी माझ्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलायला बसले. इलमीजनं झगासुद्धा बदलला नाही. तशीच बसली आणि म्हणाली, “आण गं नवं पुस्तक. आजचाच धडा परत एकदा ऐकव मला. आधी बघून वाच.”

“दुसरा घेऊया, आई.”

“तोच. कान निवले नाहीत माझे अजून.”

“आई, नको ना. गाईचा घेऊ.”

“का? काय झालं? वाच म्हटलं ना.”

विदलीननं पुस्तक उघडलं. माझ्याकडे बघितलं. मी मेली मान हलवून म्हणाले, “वाच की पोरी, मलाही ऐकू दे.” मग तिनं खालच्या आवाजात वाचलं.

“बेट. घरातून निघा. कुठल्याही वाटेनं जा. चालत राहा. शेवटी समुद्रच लागतो. आपण बेटावर राहतो.”

“थट्टा नको,” इलमीज म्हणाली. “पुस्तकात आहे ते वाच.”

“हेच आहे.”

“हे आपलं बोलणं आहे.”

“नवं पुस्तक क्रेओलमध्ये आहे, आई. सगळे धडे आपल्या भाषेत केलेत. हेडमास्तर सभेत तेच सांगत होते.”

आमच्या भाषेत पुस्तक आलं, ही बातमी त्या माणसानं फ्रेंचमध्ये दिली होती, आणि आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ते दुसऱ्यांदा खाली येणारं बोट माझ्या डोळ्यांपुढे आलं, ते उघडणारी पुस्तकं आली, अल्ताग्रासचे खांदे आले. माझ्या टोपीला कुणी हसलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की वाटलं उठून घरात जावं आणि दार लावून घ्यावं. पण उठले असते तर इलमीजला कळलं असतं की मला कळलंय. म्हणून बसून राहिले.

इलमीजच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. तिनं विचारलं, “शाळेत मी वाचलं तेव्हा पानावर हे होतं?”

“हो.”

“आणि सगळ्यांच्या हातात हेच पान होतं?”

विदलीन पुस्तक मिटायला लागली.

“मग तू ते जुनं का म्हटलंस? बाई तुला सांगत होत्या.”

“तू म्हटलंस म्हणून.”

इलमीजनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि त्या पानाकडे बघत राहिली, जणू आता तरी ते काही सांगेल. मग तिनं विचारलं, “तुला कधीपासून ठाऊक आहे?”

पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. “अल्ताग्रासबाईंच्या ओट्यापासून. तू म्हणालीस डोळे दुखतायत. पण घरी येऊन तू माझी फीत शिवलीस, आणि सुईत दोरा एकदाच ओवलास.”

म्हणजे पहिलीपासून. म्हणजे ते तीनदा वाचणं तिला ठाऊक होतं. ती आईसाठी तीनदा वाचत होती. मी मनातल्या मनात मागं गेले आणि खडीपाशी येऊन थांबले. इलमीजही तिथंच पोचली असावी, कारण तिचा आवाज बदलला.

“त्या दिवशी. खडीवर. मी पानावर बोट ठेवून म्हटलं, इथं असं लिहिलेलं नाही. तेव्हा तुला ठाऊक होतं की मला वाचता येत नाही.”

“हो.”

“आणि तू बरोबर बोलली होतीस.”

“हो, आई.”

“मग बसलीस कशाला गुडघ्यांवर? बोलायचं नाहीस? तोंड नव्हतं तुला?”

विदलीननं खाली वाकून गुडघा चोळला. आता तिथं काही नव्हतं, वण केव्हाच गेला होता. ती म्हणाली, “अंगणात सगळे बघत होते ना.”

इलमीजनं डोक्याचा रुमाल ओढला आणि त्यात तोंड लपवलं. त्या बघणाऱ्यांत मीही होते. मी उठून तिच्याजवळ जायला हवं होतं, पण गेले नाही. काय म्हणणार होते जाऊन? शेजारची चूल पेटली, धूर अंगणात आला, कुणाचं तरी पोर झाडाखाली कानांत बोटं घालून घोकायला लागलं. विदलीननं हात पाठीमागे बांधले होते आणि ती तशीच उभी होती. पुस्तक आईच्या मांडीवर उघडंच होतं, आणि कुणीतरी ‘बरं’ म्हणेपर्यंत तिला तिथून हलता येत नव्हतं.